श्वाससखीचं बारसं

"बाळ गोरंच पाहिजे असं आम्ही म्हणत नाही," सरपोतदार म्हणाला, "फक्त कॅमेऱ्यात फ्रेश दिसायला हवं. आणि रडकं नको, प्लीज."

संचालकांच्या केबिनमध्ये आम्ही चारपाच जण बाळ शोधायला बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मंत्री येणार होते. हार, शाली, श्रीफळ, मोठा पडदा, सगळं ठरलं होतं. बाळ तेवढं मिळत नव्हतं. मेडिकल कॉलेजच्या बालरोग विभागाने आमचं पत्र वाचून सरळ सांगितलं होतं की आमची मुलं सत्कार समारंभाला जात नाहीत.

"बाहुली ठेवली तर?" कोणीतरी म्हणालं.

"बाहुली श्वास घेते का?" संचालक डॉ. हरकरे डाफरले. मग स्वतःच थोडा विचार करून म्हणाले, "तसं करता येईल म्हणा. कंपनीकडे हवेच्या पंपाची बाहुली आहे."

"सर, ती बेंगळुरूला आहे. आणि बाहुलीत इमोशन नाही," सरपोतदार म्हणाला. त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. पायात मोजे न घालता चकचकीत बूट घालणारा मी पाहिलेला तो पहिला माणूस. वयाने माझ्याएवढाच असेल, पण सगळ्या संस्थेला एकेरी नावाने हाक मारायचा. संचालक सोडून. "अश्लेषा, तुला बेबी आहे ना? प्रीमॅच्युअर? वॉव. मग प्रश्नच मिटला!"

माझं बाळ दिवस पूर्ण व्हायच्या खूप आधी जन्माला आलं, यावर 'वॉव' म्हणणारा माणूसही मी पहिल्यांदाच पाहत होते.

नागपुरातली आमची संस्था सरकारी. दवाखान्यांसाठी उपकरणं शोधून काढणं हे तिचं काम, असं फाटकावरच्या पाटीवर लिहिलं होतं. सरपोतदारची कंपनी खासगी. ती उपकरणं बनवणार आणि विकणार. दोघांच्या मधे जे होतं त्याला त्या वर्षी सगळे भागीदारी म्हणायला लागले होते. सार्वजनिक-खासगी भागीदारी. डॉ. हरकरे तर घरी बायकोशी भांडतानाही तो शब्द वापरत असतील. हुशार माणूस होता एके काळी, असं जुने लोक सांगायचे. मी रुजू झाले तेव्हा त्यांचं संशोधन एवढंच उरलं होतं की कोणत्या पाहुण्याला कोणत्या रंगाची शाल द्यायची.

भागीदारीतून जन्माला आलेल्या उपकरणाचं नाव होतं 'श्वाससखी'. हातरुमालाएवढी पातळ चटई. ती बाळाच्या पाठीखाली घालायची. बाळाने श्वास घेतला की शरीर जे किंचित हलतं, ते चटई टिपते आणि मोबाइलवर हिरवी लाट उमटते. श्वास थांबला की लाट सपाट होते, लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो. वेळेआधी जन्मलेली मुलं दवाखान्यातून घरी गेल्यावर झोपेत कधीकधी श्वास घ्यायचं विसरतात. विसरतात हा डॉक्टरांचा शब्द. माझा निषाद काचेच्या पेटीत असताना दोनदा विसरला होता. नर्सने तळपायावर टिचकी मारली तेव्हा त्याला आठवलं.

एमएस्सी करून मी या संस्थेत कंत्राटी प्रकल्प सहायक होते. दुसऱ्या एखाद्या प्रकल्पावर असते तर बाळंतपणानंतर परत आलेच नसते. या चटईसाठी आले. घरी नेलेल्या मुलाच्या नाकाशी बोट धरून मी दिवस काढत होते. आंघोळीला गेले तरी दार उघडं ठेवून त्याच्या छातीकडे बघायचे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "पोरगं डोळ्यानंच झिजवशील."

महिन्याभरापूर्वी डॉ. हरकऱ्यांनी मोठ्या मनाने एक नमुना चटई मला घरी वापरायला दिली. मी ती झोळीत घातली, वर दुपटं, त्यावर निषाद. सासूबाई झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून भाज्या निवडत झोका द्यायच्या, आणि मोबाइलवर हिरवी लाट शांतपणे चालायची. मी आडवी पडायचे. झोप लागायची. बाळ झाल्यापासून मी पहिल्यांदा झोपत होते, ते त्या लाटेच्या भरवशावर. तेव्हा खरं सांगायचं तर संचालकांना मी मनातल्या मनात हात जोडत असे, मोजे न घालणाऱ्यालासुद्धा.

म्हणून मी हो म्हटलं.

"ग्रेट!" सरपोतदार म्हणाला. "आता कन्सेप्ट ऐका. नुसतं एमओयू साइन केलं तर बोअर होतं. आपण प्रॉडक्टचं बारसं करू या. प्रॉपर महाराष्ट्रीयन. पाळणा, गाणं, नऊवारी. प्रॉडक्ट पाळण्यात, प्रॉडक्टवर बेबी, मागे स्क्रीनवर लाइव्ह वेव्ह. मंत्री पाळण्याची दोरी ओढतात. कट. फोटो."

"बारशाला नाव बाळाच्या कानात सांगतात," आस्थापना विभागाच्या मोहरील मॅडम म्हणाल्या. आमच्या महिला मंडळाच्या त्या प्रमुख. "चटईला कान कुठे असतो?"

सगळे गंभीरपणे विचारात पडले. पीएच.डी. झालेली तीन माणसं त्या खोलीत होती.

"बाळाच्या कानात सांगायचं," शेवटी संचालकांनी निर्णय दिला.

* * *

"मंत्र्याच्या घरी पोट्टे नाहीत का?" दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षात सासूबाई म्हणाल्या. "माह्या नातवाले काहून नेता बाप्पा?"

"आई, तासाभराचं काम आहे. आणि ही चटई सगळ्या आरोग्य केंद्रांतून घरोघरी जाणार आहे. आज सही झाली की पुढच्या महिन्यापासून. आपल्यासारख्या कितीतरी जणींना होईल."

"होऊ दे ना. पण त्याच्यासाठी माहं लेकरू लोकायच्या नजरेत कायले?" त्यांनी निषादच्या गालावर काजळाचा आणखी एक ठिपका दिला. तो ठिपका दारातच मेकअपवाल्या मुलीने पुसला. सासूबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की ती पुन्हा जवळ आली नाही.

सभागृह लग्नासारखं सजलं होतं. सजावटवाल्याकडून भाड्याने आणलेला लाकडी पाळणा मंचाच्या मधोमध, त्याला झेंडूच्या माळा, मागे मोठा पडदा. एका बाजूला संस्थेचं बोधचिन्ह, दुसऱ्या बाजूला कंपनीचं. दोन्ही एकाच मापाची आहेत का, हे सरपोतदार टेप घेऊन मोजत होता. पाळण्याची रंगीत तालीम आदल्या दिवशी झाली होती, पण चटईशिवाय आणि बाळाशिवाय. समारंभातली खास चटई त्या दिवशी सकाळच्या विमानाने आली, आणि ती घालून एकदा बघू या, असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माळा मात्र दोनदा बदलल्या.

मंत्री आले. सावकाश चालणारे, जाड चष्मा लावलेले गृहस्थ होते. चंद्रपूरकडच्या एका खेड्यातून निवडून आलेले. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. डॉ. हरकऱ्यांनी प्रास्ताविकात सांगितलं की सरकारी संशोधन आणि खासगी उद्यमशीलता ही विकासाच्या रथाची दोन चाकं आहेत. नंतर सरपोतदारने तेच इंग्रजीत सांगितलं. रथ त्याच्या भाषणात इंजिन झाला होता, एवढाच फरक.

मग मोहरील मॅडम आणि नऊवारीतल्या बाकीच्या बायका पुढे आल्या. मी निषादला चटईवर ठेवलं. पडद्यावर हिरवी लाट उमटली आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू.

"साहेब, नाव," संचालक म्हणाले.

मंत्री वाकले आणि माझ्या मुलाच्या कानात, कुर्र करून, "श्वाससखी," म्हणाले. निषादने त्यांच्याकडे एकटक पाहिलं. आत्याने नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालतात, हे सरपोतदारने रात्री नेटवर वाचलं असावं. तो हसत हसत मंत्र्यांच्या पाठीकडे हात उगारून निघाला. मंत्र्यांच्या अंगरक्षकाने त्याचं मनगट असं धरलं की पुढचा अर्धा कार्यक्रम तो ते चोळत होता.

पाळणा हलायला लागला. गाणं मोहरील मॅडमनी स्वतः रचलं होतं. त्यात विज्ञान आणि अज्ञान यांचं यमक दर कडव्याला येत होतं.

दोन कडवी झाली असतील. झोक्याबरोबर माळेतला एक झेंडू सुटला आणि निषादच्या तोंडावर पडला. पाकळ्या नाकाशी. मी मंचाच्या कडेला उभी होते ती धावलेच. त्याला उचललं, पाकळ्या काढल्या, खांद्यावर घेतलं. तो शिंकला. बायकांनी गाणं थांबवलं नाही. मंगल कार्य मधे थांबवत नाहीत ना. पाळणाही हलत राहिला, आत नुसती चटई, दुपटं आणि चिमुकली उशी.

मी कडेला येऊन सासूबाईंशेजारी उभी राहिले. आणि महिन्याभराच्या सवयीने माझी नजर लाटेकडे गेली.

लाट चालू होती.

हिरवी, स्वच्छ, गोलसर. निषाद आत होता तेव्हा थोडी तरी वेडीवाकडी होती. आता एकसारखी, पुस्तकातल्या चित्रासारखी. खाली आकडाही दाखवत होता. श्वसन सामान्य.

मला आधी वाटलं, पडदा अडकला असेल, जुनं चित्र दिसत असेल. मी पाळण्याकडे पाहिलं. मोहरील मॅडमनी दोरी ओढली, लाट चढली. पाळणा परत आला, लाट उतरली.

"काय झालं वं?" सासूबाई म्हणाल्या. "अशी काहून पांढरी पडली?"

"आई, पाळण्यात कोण आहे?"

"कोणी नाई. पोरगं तुयापाशी हाय."

"मग ते काय हलतंय?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पाळण्याकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे. त्यांना लाटा, आलेख वगैरेंची कधी भीती वाटली नाही. टीव्हीवरच्या बातम्यांइतक्याच निर्विकारपणे त्या सगळं बघायच्या. पण आता त्यांचा हात माझ्या दंडावर आला.

"म्हणजे महिनाभर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ते माहा झोकाच मोजत होतं का?"

माझ्या डोळ्यांपुढे आमची झोळी होती, दोरीत अडकवलेला त्यांचा अंगठा होता, आणि शेजारी गाढ झोपलेली मी. तान्ह्या बाळाचा श्वास आणि पाळण्याचा झोका, दोन्हींची लय जवळजवळ एकच. आम्ही या चटईची चाचणी घेतली होती ती दवाखान्यातल्या लोखंडी पलंगांवर. कंपनीने घेतली होती टेबलावर, पंपाच्या बाहुलीवर. आणि या सभागृहातला एकूण एक माणूस, संचालक धरून, लहानपणी कोणाच्या तरी साडीच्या झोळीत वाढला होता.

निषाद माझ्या खांद्यावर जावळ घासत होता. मी त्याच्या पाठीवर हात दाबून धरला आणि मंचाच्या मागून डॉ. हरकऱ्यांच्या खुर्चीपाशी गेले.

"सर, बाळ माझ्याकडे आहे."

"हो, हो. गोड आहे."

"सर, पडद्यावर बघा."

त्यांनी बघितलं. त्यांना मुळीच वेळ लागला नाही. चेहऱ्यावरचं समारंभाचं हसू उतरलं आणि क्षणभर त्या जागी एक माणूस दिसला, मी कधीच न पाहिलेला. त्याला काय झालंय ते पूर्ण कळलं होतं. मला वाटलं, आता हा उठेल.

ते उठलेच. वाकून, अदबीने, मंत्र्यांच्या मागून ते मोहरील मॅडमपाशी गेले. मीही मागोमाग.

"मॅडम, पाळणा थांबवू नका."

"सर, गाणं संपलं."

"परत म्हणा."

"सगळं?"

"सगळं. आणि हात थांबता कामा नये."

कारण हात थांबला असता तर चटईला श्वास मिळाला नसता आणि भोंगा वाजला असता. मोहरील मॅडमना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या गाण्याला कोणी पहिल्यांदाच 'वन्स मोअर' देत होतं. त्यांनी पदर खोचला आणि वरच्या पट्टीत सुरुवात केली.

तेवढ्यात सरपोतदार आला. "अश्लेषा, बेबीला परत आत ठेव. एम्प्टी क्रेडल वाईट दिसतंय."

"ठेवल्याने काय होईल?"

"काय म्हणजे? वेव्ह येईल."

"वेव्ह आत्ताही येतेय."

"एक्झॅक्टली! मग प्रॉब्लेम काय आहे?"

मी डॉ. हरकऱ्यांकडे वळले. "सर, सही थांबवा. झोळीत मूल मेलं तरी ही चटई हिरवीच दाखवणार. तुम्हाला कळलंय."

"हळू बोला. हे दुसऱ्या टप्प्यात दुरुस्त करू. करारात दुसरा टप्पा आहे."

"आणि पहिल्या टप्प्यातली बाळं?"

"गावंडे मॅडम," ते हसू परत आणत मला म्हणाले, कारण एक छायाचित्रकार आमच्याकडे वळला होता, "घरगुती वापराची चाचणी कंपनीने करायची होती."

"नो सर," सरपोतदार म्हणाला. "व्हॅलिडेशन संस्थेच्या स्कोपमध्ये आहे. आम्ही फक्त हार्डवेअर."

"आम्ही फक्त तत्त्व दिलं. उत्पादन तुमचं."

"अल्गोरिदम तुमचा."

ते दोघं दात दाखवत, कुजबुजत, एकमेकांना अगदी मऊ आवाजात हे सांगत होते. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, काय मेतकूट जमलंय दोघांचं. मी त्यांच्याकडे बघत होते. असं वाटलं की चिखल तुडवून आल्यावर चप्पल दाराबाहेर काढतात तशी ही दोन माणसं मनातून काढून टाकावीत. पण तेवढ्याने सही थांबणार नव्हती.

"तुमच्या कंत्राटाचं नूतनीकरण माझ्या टेबलावर आहे," डॉ. हरकरे म्हणाले. "लहान मूल आहे तुम्हाला. विचार करा."

मी निषादला सासूबाईंच्या हातात दिलं, पाळण्यापाशी गेले आणि मोहरील मॅडमच्या हातून दोरी काढून घेतली. मग दोन्ही हातांनी पाळणा घट्ट धरला.

आधी गाणं थांबलं. मग लाट सपाट झाली. पडदा लाल झाला आणि भोंगा असा किंचाळला की पुढच्या रांगेतल्या एका साहेबांच्या हातून पाण्याचा पेला पडला.

"बाळ! बाळ बघा!" मंत्री खुर्चीतून उठले. दोनतीन जण मंचावर धावले. कोणी पाळण्यात डोकावलं, कोणी पाळण्याखाली. "बाळ कुठे आहे?"

"इथं हाय, जी," सासूबाई खालून ओरडल्या. "धडधाकट हाय."

सभागृहात गलका झाला. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून, भोंग्यावर मात करत, डॉ. हरकऱ्यांचा आवाज आला, खर्जातला, शांत. "मान्यवरहो, घाबरू नका. आपण आत्ता पाहिलंत ते प्रात्यक्षिक होतं. बाळ उचललं गेलं आणि श्वाससखीने तत्काळ इशारा दिला. ही आहे भागीदारीची ताकद!"

टाळ्या. कडाडून. सरपोतदारने तर दुखऱ्या मनगटाने उभं राहून वाजवल्या. मंत्री छातीवर हात ठेवून हसत खाली बसले. "भलतंच करता राव तुम्ही," म्हणाले. सहीचं तबक पुढे आलं. कंपनीने खास मढवून घेतलेलं पेन त्यात होतं.

मला वाटतं, तो क्षण होता. पुढे कधी कोणी विचारलं की तुला भीती नाही वाटली का, तर मी सांगते की वाटली होती. पण त्या टाळ्या ऐकल्या आणि भीती गेली. इतक्या हलक्या लोकांना कोण भिणार?

मी पाळणा सोडला आणि झोका दिला.

भोंगा थांबला. लाल पडदा गेला. रिकामा पाळणा पुढे गेला, लाट चढली. मागे आला, लाट उतरली. खाली अक्षरं आली, श्वसन सामान्य. मी झोका देत राहिले. टाळ्या विरत विरत थांबल्या. मग कोणीतरी मागून फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

मंत्र्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं. ते तसंच हातात धरून त्यांनी चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं.

"ओ बाई," ते म्हणाले, "पाळण्यात कोण आहे?"

"कोणी नाही, साहेब."

"मग श्वास कोण घेतंय?"

त्या सभागृहात एवढे विद्वान होते. सगळे एकदम आपापली कार्यक्रमपत्रिका वाचायला लागले.

"साहेब, तांत्रिक बाब आहे," डॉ. हरकरे पुढे झाले. "चटई कंपनीची आहे, तिची संवेदनशीलता..."

"सर, चटई परफेक्ट आहे," सरपोतदार मधेच म्हणाला, आता कुजबुजत नव्हता. "संस्थेचं सॉफ्टवेअर झोका फिल्टर करत नाही."

"झोका असतो हे कंपनीने सांगायला हवं होतं!"

"तुम्ही महाराष्ट्रात राहता ना, सर?"

एक मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाला असं म्हणाला. भर मंचावर, दोन सारख्या मापाच्या बोधचिन्हांखाली.

"माझ्या मतदारसंघात सगळी लेकरं झोळीत निजतात," मंत्री म्हणाले. "एखादं गेलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं कंपनी, हे म्हटले असते संस्था. मग माझं काय होतं यात?"

"सही, जी," सासूबाई म्हणाल्या. नातवाला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत, निमंत्रितांच्या खुर्चीत त्या बसल्या होत्या. "सही तेवढी तुमची होती."

मंत्र्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग टोपण लावलं, पेन स्वतःच्या खिशात घातलं आणि मंच उतरले. कागद तबकात कोराच राहिला. पेन मात्र गेलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. चटया कुठल्याच केंद्रात गेल्या नाहीत. चौकशी समिती नेमली, तिने दोष समारंभाच्या आयोजनात काढला. माझं नूतनीकरण झालं नाही, हे सांगायला नकोच. मी शिकवण्या घेतल्या, नंतर एका कॉलेजात लागले. निषाद आता सातवीत आहे आणि इतका बोलतो की त्याने मधे श्वास घ्यावा म्हणून आम्हाला त्याला थांबवावं लागतं. काही वर्षांनी मी वर्तमानपत्रात डॉ. हरकऱ्यांचा एक लेख वाचला. संशोधनातल्या अपयशातून शिकण्याविषयी होता. त्यात पाळणा नव्हता.

पण मला त्या दिवसातलं आठवतं ते शेवटचं दृश्य. मंत्री गेले तसा हॉल भराभर रिकामा झाला, कारण मागच्या अंगणात जेवण लागलं होतं. पनीर गरम आहे म्हणेपर्यंत लोक विज्ञान विसरले. सरपोतदार विमानतळाकडे निघून गेला. मी निषादचं दुपटं विसरले होते म्हणून परत आत आले.

पाळणा थांबला होता, म्हणून भोंगा वाजत होता. अखंड. चटईत बॅटरी होती, पडद्याला ती थेट जोडलेली होती, आणि बंद करायची सोय तेवढी सरपोतदारच्या मोबाइलमध्ये होती. शिपाई जेवायला गेले होते. मोहरील मॅडम रुसून घरी गेल्या होत्या.

मंचावर डॉ. हरकरे एकटेच होते. एका हाताने फोन कानाशी धरून ते मुंबईच्या कोण्या वरिष्ठाला समजावत होते, "नाही सर, किरकोळ गैरसमज. नाही, तसं काही नाही." भोंगा त्यांना बोलू देत नव्हता. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग दुसऱ्या हाताने दोरी धरली.

भोंगा थांबला. लाट चालू लागली.

"हो सर, आता ऐकू येतंय," ते म्हणाले, आणि रिकाम्या पाळण्याला झोका देत राहिले. मी दुपटं मागितलं नाही.